पेट्रोल भरल्यावर गाडी लगेच स्टार्ट होत नाही? इव्हॅप सिस्टिम अशी तपासा

टाकी फुल केली, पैसे दिले, चावी फिरवली आणि गाडी नुसती घुरघुरत राहिली. सेल्फ नेहमीपेक्षा तिप्पट वेळ मारावा लागला. शेवटी अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला तेव्हा इंजिन ठसके देत उठलं, आणि पाच-दहा मिनिटांत गाडी अशी सुरळीत झाली की जणू काही झालंच नव्हतं. अशा गाडीचे प्लग बदलले जातात, इंजेक्टर साफ केले जातात, कधी टाकीतला पेट्रोल पंपही बदलला जातो. पुढच्या वेळी टाकी भरली की पुन्हा तेच. दोष बहुतेक वेळा इनटेक मॅनिफोल्डजवळ (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांजवळ) बसवलेल्या काडेपेटीएवढ्या पर्ज व्हॉल्व्हमध्ये असतो, आणि तो तपासायला वीस मिनिटं लागतात.

आधी हवेचा रस्ता समजून घेऊ, कारण पुढचं सगळं निदान त्यावरच चालतं. टाकीतल्या पेट्रोलची वाफ सतत होत असते. ती बाहेर सोडली तर हवा बिघडते, म्हणून ती टाकीवरच्या रोलओव्हर व्हॉल्व्हमधून (गाडी उलटली तर पेट्रोल बाहेर येऊ न देणारा व्हॉल्व्ह) एका नळीने कॅनिस्टरमध्ये नेली जाते. कॅनिस्टर म्हणजे सक्रिय कोळशाच्या दाण्यांनी भरलेला प्लास्टिकचा डबा. वाफ त्या दाण्यांना चिकटून राहते. इंजिन गरम होऊन चालू लागलं की ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, पर्ज व्हॉल्व्ह थोडाथोडा उघडतो. मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूममुळे कॅनिस्टरच्या दुसऱ्या तोंडातून, म्हणजे व्हेंटमधून, ताजी हवा आत येते, दाण्यांवरची वाफ झटकून सोबत घेते आणि इंजिनात जाऊन जळते. या सगळ्या व्यवस्थेला इव्हॅप सिस्टिम म्हणतात. थोडक्यात या घराला दोन दारं आहेत. इंजिनाकडचं पर्ज दार एरवी बंद असतं आणि बाहेरच्या हवेकडचं व्हेंट दार एरवी उघडं असतं. बिघाड तीनच प्रकारचा असू शकतो: पर्ज दार नीट मिटत नाही किंवा उघडत नाही, व्हेंट दार तुंबलं आहे, किंवा घराच्या भिंतीला कुठेतरी भोक आहे. यातला कोणता, हे ठरल्याशिवाय एकही पार्ट विकत आणू नये.

भारतातल्या गाड्यांबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवा. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२ (गाडीची स्वतःचे दोष तपासणारी यंत्रणा) आल्यावर गाडी स्वतःच गळती शोधते. आधी १ मिलिमीटर व्यासाच्या भोकाएवढी गळती पकडायची अट होती, २००० सालापासून ती टप्प्याटप्प्याने अर्ध्या मिलिमीटरवर आली. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत टाकीच्या दाबाचा सेन्सर नसतो आणि व्हेंटला विजेचा व्हॉल्व्हही नसतो. ईसीएम मुख्यतः पर्ज व्हॉल्व्हचं सर्किट बघतो. म्हणजे नळी पूर्ण निखळली तरी चेक इंजिन लाइट लागेलच असं नाही. पीयूसीमध्येही हे दिसत नाही, कारण तिथे फक्त सायलेन्सरमधून येणारा धूर मोजतात. म्हणून आपल्या गाडीत लक्षणावरून निघावं लागतं. अमेरिकेतल्या किंवा तिथून आणलेल्या गाडीत कोडवरून निघता येतं.

सुरुवात करण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि गॅरेजच्या पिटमध्ये साठते. काम मोकळ्या हवेत करा. जुना तारेचा हँडलॅम्प नको, एलईडी टॉर्च वापरा. टाकीच्या वरचं काही उघडायचं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. इंजिन थंड असू द्या आणि अग्निशामक हाताशी ठेवा. नळीला तोंड लावून ओढून बघण्याची सवय गॅरेजात सर्रास दिसते, ती सोडा. पेट्रोलची वाफ थेट फुप्फुसात जाते.

लागणारं सामान: लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर, मल्टिमीटर, गेज असलेला हाताचा व्हॅक्यूम पंप, लहान टेस्ट लॅम्प, नळ्यांचे बूच. गळती शोधायची असेल तर स्मोक मशीन, आणि ते विकत घ्यायलाच हवं असं नाही. मोठ्या गॅरेजात असतं.

लक्षण ऐकून घ्या

पेट्रोल भरल्यावर स्टार्टिंगचा त्रास, आयडलिंगला इंजिन हलतं, कधी सिग्नलला बंद पडतं: पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असण्याची शक्यता सर्वात जास्त. भरताना टाकीत पेट्रोल ढवळतं, वाफ उठते, आणि सेल्फ मारताच ती सगळी उघड्या व्हॉल्व्हमधून मॅनिफोल्डमध्ये जाते. मिश्रण इतकं रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) होतं की ठिणगी पडूनही पेट घेत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी उठते ती जास्तीची हवा मिळाल्यामुळे.

पंपावर नोझल सारखं ऑटो कट होतं आणि पेट्रोल थेंबाथेंबानेच जातं: टाकीतली हवा बाहेर पडत नाही. व्हेंट तुंबलं आहे, रोलओव्हर व्हॉल्व्ह अडकला आहे किंवा फिलर नेकची ब्रीदर नळी दुमडली आहे.

झाकण उघडताना जोरात ‘सुस्स’ आवाज येतो: उन्हात उभ्या गाडीत थोडा आवाज येणं साधारण आहे. हवा आत जाते की बाहेर येते हे बघा. टिश्यू पेपरची एक पट्टी तोंडाजवळ धरून झाकण हळू फिरवा. पट्टी आत ओढली गेली तर टाकीत व्हॅक्यूम आहे, म्हणजे इंजिन ओढतंय पण व्हेंटमधून हवा येत नाही. हे तसंच चालू ठेवलं तर प्लास्टिकची टाकी आत पिचकते आणि टाकीतल्या पेट्रोल पंपावर ताण येतो.

गाडीत किंवा गाडीभोवती पेट्रोलचा वास येतो आणि खाली थेंब नाही: वाफेची गळती. मागच्या सीटवर वास जास्त असेल तर आधी टाकीच्या वरचं पंपाचं झाकण आठवा. अलीकडे पंप बदलला असेल तर जवळजवळ तिथेच सापडतं.

कोड वाचा, पण पुसू नका

स्कॅनर लावून कोड आणि फ्रीझ फ्रेम (दोष आला त्या क्षणाची नोंद) लिहून घ्या. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते, आणि दोष आला तेव्हा टाकीत पेट्रोल किती होतं, इंजिन किती गरम होतं ही कामाची माहिती हातची जाते.

पी०४४३, पी०४४४, पी०४४५, पी०४५८, पी०४५९ हे पर्ज व्हॉल्व्हच्या सर्किटचे कोड आहेत. इथे नळ्या तपासू नका, वायर तपासा. पी०४४१ म्हणजे पर्जचा प्रवाह अपेक्षेप्रमाणे नाही, पी०४९६ म्हणजे नको तेव्हा प्रवाह आहे, पी०४९७ म्हणजे प्रवाह कमी आहे. पी०४४६ आणि पी०४४९ व्हेंट व्हॉल्व्हचे. पी०४५१ ते पी०४५३ टाकीच्या प्रेशर सेन्सरचे. गळतीच्या कोडमध्ये पी०४५५ मोठी, पी०४४२ लहान, पी०४५६ अतिसूक्ष्म, आणि पी०४५७ झाकणाशी जोडलेला. पी०४४० सगळ्यांना मिळून दिलेलं नाव आहे, त्यावरून काहीच ठरवू नका.

पी०१७१ (मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त) किंवा पी०१७२ (मिश्रण रिच) सोबत असेल तर विशेष लक्ष द्या. पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला आणि कॅनिस्टर वाफेने भरलेला असेल तर मिश्रण रिच दिसतं. कॅनिस्टर रिकामा असेल तर त्याच वाटेने नुसती हवा शिरते आणि मिश्रण लीन दिसतं. एकाच गाडीत सोमवारी रिच आणि गुरुवारी लीन कोड येतो तो यामुळे. ऑक्सिजन सेन्सर बिचारा खरं सांगत असतो आणि बदलला तोच जातो.

झाकण आणि फिलर नेक

झाकणाचा रबर रिंग बोटाने फिरवून वाकवा. बारीक चिरा, चपटेपणा, कडकपणा दिसला तर झाकण बदला. बाजारातलं ‘बसतं’ म्हणून दिलेलं झाकण घेऊ नका. झाकणातल्या रिलीफ व्हॉल्व्हचा दाब गाडीगणिक वेगळा असतो. नेकच्या कडेवरून नख फिरवा. लोखंडी नेक असेल तर रिंग बसते तिथेच गंज धरतो, कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत लवकर. रिंग नवी आणि कड खडबडीत असेल तर गळती तशीच राहते.

पर्ज व्हॉल्व्ह

सर्वात जास्त वेळ इथे द्या. इनटेक मॅनिफोल्डच्या आसपास दोन नळ्या आणि दोन वायरींचा कपलर असलेला भाग शोधा. एक नळी मॅनिफोल्डला जाते, दुसरी मागे कॅनिस्टरकडे.

पहिली चाचणी फक्त बोटाने होते. इंजिन आयडलिंगला ठेवा, व्हॉल्व्हचा कपलर काढा, कॅनिस्टरकडची नळी व्हॉल्व्हवरून काढा आणि उघड्या तोंडावर बोट ठेवा. कपलर काढलेला असताना व्हॉल्व्हने पूर्ण बंद असायलाच हवं. बोट जरासंही ओढलं गेलं तर व्हॉल्व्ह गळतो आहे. बोट ठेवताच आयडलिंग सुधारलं किंवा आरपीएम बदलला तर शंका उरत नाही. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती कमी-जास्त करतो तो आकडा) बघत असाल तर तो आकडाही बोटाबरोबर शून्याकडे सरकताना दिसेल. कपलर काढल्यामुळे नवा कोड येईल, तो शेवटी पुसा.

बोटाला न जाणवणारी गळती व्हॅक्यूम पंपाने पकडा. व्हॉल्व्ह काढून त्याच्या इंजिनाकडच्या तोंडाला पंप लावा आणि १५ ते २० इंच पाऱ्याएवढा व्हॅक्यूम ओढा. काटा जागेवर थांबायला हवा. उलट्या तोंडाला लावू नका. काही व्हॉल्व्ह त्या दिशेने थोडे सुटतात आणि चांगला व्हॉल्व्ह नाहक फेकला जातो. काटा स्थिर असताना बॅटरीवरून १२ व्होल्ट क्षणभर द्या. ‘टक’ आवाजाबरोबर काटा शून्यावर पडला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडतोही आहे. हे दोन-चार वेळा करा, कारण अर्धवट अडकणारा व्हॉल्व्ह पहिल्या वेळी नीट मिटतो आणि तिसऱ्या वेळी नाही. नुसता ‘टक’ ऐकून पास करू नका. आवाज कॉइलचा असतो, मिटणं रबराच्या सीटचं काम आहे.

आता व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर ठोका. काळी भुकटी किंवा मोहरीएवढे काळे दाणे पडले तर दोष व्हॉल्व्हपुरता नाही. कॅनिस्टरच्या आतली जाळी फाटली आहे आणि कोळसा नळीतून पुढे आला आहे. एकटा व्हॉल्व्ह बदलला तर महिन्याभरात नवाही अडकेल. कॅनिस्टर बदला, मधली नळी दोन्ही टोकांना मोकळी करून हवेने साफ करा, आणि मगच नवा व्हॉल्व्ह बसवा.

वायरिंगसाठी: व्हॉल्व्हचा रेझिस्टन्स बहुतेक गाड्यांत २० ते ३५ ओहमच्या दरम्यान येतो, काहींत कमीही असतो, अंतिम आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलचा. अनंत दाखवला तर कॉइल तुटली, एक-दोन ओहम दाखवला तर शॉर्ट. कपलरच्या एका वायरवर इग्निशन चालू असताना १२ व्होल्ट असतात, दुसरी वायर ईसीएम ग्राउंड करतो. कपलरच्या दोन पिनांमध्ये टेस्ट लॅम्प लावा आणि स्कॅनरवरून पर्ज चालू करा. लॅम्प लुकलुकला तर ईसीएम आणि वायर ठीक. लॅम्प सतत जळत राहिला आणि ड्यूटी (ईसीएम व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवतो ते प्रमाण) शून्य असली तर ग्राउंडची वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली येतात. इंजिनावरून जाणारी वायर आणि रबरी नळी दोन्ही हात फिरवून तपासा, दातांच्या खुणा खालच्या बाजूला असतात.

व्हेंट आणि कॅनिस्टर

पर्ज व्हॉल्व्हपासून कॅनिस्टरकडे जाणाऱ्या नळीला व्हॅक्यूम पंप लावून ओढा. व्हेंट मोकळं असेल तर काटा चढतच नाही, कारण मागून हवा येत राहते. काटा चढून थांबला तर वाट बंद आहे. मग व्हेंटची नळी कॅनिस्टरवरून काढून पुन्हा ओढा. आता काटा चढला नाही तर तुंबलेलं व्हेंट. तरीही चढला तर कॅनिस्टर किंवा मधली नळी.

व्हेंटचं तोंड आणि फिल्टर बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकाच्या वर किंवा टाकीच्या बाजूला असतं. तिथे चिखल बसतो. गाडी काही महिने उभी असेल तर कुंभारीण माशी त्या नळीत मातीचं घर करते. बाहेरून नळी धड दिसते आणि आत बोटभर माती असते. फिल्टर धुवून पुन्हा बसवण्यापेक्षा बदललेला बरा.

कॅनिस्टर मरतो तो मुख्यतः द्रव पेट्रोलने. तो वाफेसाठी बनवला आहे. नोझल पहिल्यांदा कट झाल्यावर ‘साहेब, राउंड फिगर करू का?’ असं विचारून जे पन्नास-शंभर रुपयांचं पेट्रोल आणखी कोंबलं जातं, ते टाकीच्या वरच्या मोकळ्या जागेत शिरतं, आणि सातत्याने तसं झालं की वाफेच्या नळीतून कॅनिस्टरपर्यंत पोहोचतं. कोळसा भिजून फुटतो. कॅनिस्टर काढून हातात घ्या: आत द्रव डुचमळत असेल, तो विचित्र जड असेल किंवा दाणे खुळखुळत असतील तर तो गेला. उन्हात वाळवून तो सुधारत नाही. पहिल्या कटला थांबा, एवढंच करायचं आहे.

गळती: धूर सोडून बघणं

नळ्या नजरेने तपासून झाल्यावर स्मोक मशीन लावा. टाकी १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्ये, शक्यतो अर्धी असावी. फार रिकामी असेल तर धूर भरायलाच वेळ जातो. दाब अर्ध्या पीएसआयच्या वर जाऊ देऊ नका, म्हणजे साधारण १४ इंच पाणी. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा थेट सोडणं दोन कारणांनी धोक्याचं आहे: टाकीत वाफ आणि हवा यांचं पेट घेणारं मिश्रण तयार होतं, आणि दाबामुळे चांगले जोडही फाटतात. नायट्रोजनवर चालणारं मशीन सर्वात सुरक्षित.

धूर पर्ज व्हॉल्व्हकडून मागे जाणाऱ्या नळीतून सोडा. जुन्या अमेरिकन गाड्यांत हिरव्या टोपीचा सर्व्हिस पोर्ट असतो, तिथूनही चालतं. आधी झाकण उघडं ठेवा आणि नेकमधून धूर बाहेर येईपर्यंत थांबा. मग झाकण लावा आणि व्हेंट बंद करा. विजेचा व्हेंट व्हॉल्व्ह असेल तर स्कॅनरवरून. नसेल तर व्हेंटच्या तोंडाला बूच. व्हेंट उघडं राहिलं तर तिथून येणारा धूरच गळती समजला जातो. रबरी नळी क्लॅम्पने दाबली तर चालते, नायलॉनची कडक नळी पक्कडीने दाबू नका, ती तडकते.

आता फ्लो मीटरची गोटी बघा. ती खाली बसली तर सिस्टिम बंद आहे. तरंगत राहिली तर पंखे बंद करा, एलईडी टॉर्च तिरपी धरा आणि शोधा. लहान गळतीचा धूर भसकन येत नाही. अगरबत्तीच्या टोकावरून निघते तशी एक बारीक रेघ वर चढते, आणि ती दिसायला पाच-दहा मिनिटंही लागतात. क्रमाने बघा: झाकण, नेक आणि फिलर होजचे क्लॅम्प, कॅनिस्टरचे जोड, नळ्यांचे क्विक कनेक्टर, रोलओव्हर व्हॉल्व्हचं रबर, आणि मागच्या सीटखालचं झाकण उघडून फ्युएल पंपाची रिंग. पंप बदलताना जुनाच ओरिंग बसवला की तो फुगलेला असल्याने खाचेत मावत नाही आणि एका बाजूला चिमटला जातो. ओरिंग दर वेळी नवा घ्या आणि बसवण्यापूर्वी खाच पुसून कोरडी करा.

नळी बदलताना पाण्याची किंवा साधी व्हॅक्यूमची रबरी नळी वापरू नका, पेट्रोलच्या वाफेने ती फुगते. नळीवर एसएई जे३० आर७ असा शिक्का बघून घ्या. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असताना जुन्या गाडीत हे जास्तच पाळा.

काही वेगळ्या गाड्या

टर्बो पेट्रोल इंजिनात बूस्ट आला की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमच राहत नाही. म्हणून पर्जची दुसरी नळी टर्बोच्या हवा ओढणाऱ्या बाजूला जाते आणि मध्ये वन-वे व्हॉल्व्ह असतात. ते गळले तर बूस्टची हवा उलटी कॅनिस्टरमध्ये घुसते. प्रत्येक व्हॉल्व्ह काढून एका दिशेने हवा जाते आणि दुसऱ्या दिशेने जात नाही, हे पंपाने तपासा.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत व्हॅक्यूमसाठी टी (तीन तोंडांचा जोड) कुठे जोडला आहे ते पाहा. पर्जच्या नळीला हात लावला असेल तर निदान तिथूनच सुरू करा.

प्रेशर सेन्सर असलेल्या गाडीत झाकण काढल्यावर स्कॅनरवर दाब शून्याच्या जवळ दिसायला हवा. झाकण काढूनही दाब किंवा व्हॅक्यूम दिसत असेल तर गळती शोधण्याआधी सेन्सर, त्याचे ५ व्होल्ट आणि ग्राउंड तपासा.

दुरुस्ती झाल्यावर

कोड पुसा. पर्जचा दोष असेल तर कपलर जोडून इंजिन गरम करा. स्कॅनरवर ड्यूटी वाढताना व्हॉल्व्हची टिकटिक बोटाला जाणवते आणि फ्युएल ट्रिम थोडा हलून सावरतो. मग टाकी पहिल्या कटपर्यंत भरून तिथेच गाडी बंद-चालू करून बघा. खरी परीक्षा तीच.

गळती स्वतः तपासणाऱ्या गाडीत निकाल लगेच येत नाही. टाकी अर्धी ठेवा, गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी थंड इंजिन स्टार्ट करून शांतपणे चालवा. कॅलिफोर्नियात स्मॉग चाचणीची (तिथल्या प्रदूषण तपासणीची) तारीख जवळ असेल तर २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीचा फक्त इव्हॅप मॉनिटर (गाडीने स्वतः करायची इव्हॅपची तपासणी) अपूर्ण असला तरी तेवढ्यावरून गाडी अडवत नाहीत. मात्र बाकीचे मॉनिटर पूर्ण हवेत. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत ही तपासणी इग्निशन बंद केल्यावर सुमारे ५ तासांनी होते. रात्री उभ्या गाडीच्या मागच्या बाजूने काही मिनिटं बारीक गुणगुण ऐकू आली तर बॅटरी काढायला धावू नका. कॅनिस्टरजवळचा पंप गळती तपासतो आहे.